तोफेची कातर

तर काल आपण कुठे थांबलो होतो? हां, तोफेने त्या गुळगुळीत दाढी केलेल्या साहेबाला खुर्चीसकट दवाखान्याच्या दाराबाहेर नेऊन सोडलं, तिथे. तुम्ही हसायला लागलात आणि तेवढ्यात आतून जेवायची हाक आली. खुर्चीसकट म्हणजे खरंच खुर्चीसकट हो. चाकांची खुर्ची होती ती. साहेबाचा पाय मुरगळला होता, दुसरं काही नाही, आणि तो लाल खोलीत, जिथे मरणाच्या दारातली माणसं ठेवायची, तिथे ऐटीत बसून पंखा जोरात करायला सांगत होता. तोफ मागून आली, खुर्चीचे दोन्ही दांडे धरले आणि उतारावरून सरळ बाहेर. साहेब ओरडतोय, "मी कोण आहे माहीत आहे का?" आणि ही त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत, "माहीत आहे! तुम्ही हिरवे आहात!"

काल जे नव्हते त्यांना सांगतो. तोफ म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. घरात आम्ही तिला ताई म्हणतो. सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात ती मुख्य सिस्टर होती आणि तोफ हे तिथलं नाव. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं. त्या विभागात दारातच एक डॉक्टर उभा असायचा. आलेल्या माणसाला बघून तो मनगटावर कापडी पट्टी बांधायचा. हिरवी बांधली म्हणजे बाकावर बसा, तुमचं काही बिघडत नाही. पिवळी म्हणजे हॉलमध्ये ट्रॉलीवर पडून राहा, पाळी येईल. लाल म्हणजे बाकी सगळे बाजूला व्हा, आधी हा.

त्या साहेबाला दारात हिरवीच बांधली होती. मग कुठल्याशा बड्या माणसाच्या साडूचा फोन आला, वरून कुणीतरी धावत खाली आलं, आणि हिरवी सुटून लाल झाली. लाल खोलीत एकच जागा रिकामी होती, ती गेली. पाठोपाठ एका गोदामाचा म्हातारा पहारेकरी आला. लोखंडी फाटक छातीवर पडलेलं. त्याला बांधली लालच, पण आत जागा नाही म्हणून ठेवला बाहेर बोळात. ताई वरच्या मजल्यावरून औषधांचा खोका घेऊन खाली आली तोवर म्हातारा गेलेला होता. त्याची बायको त्याच्या बुटाची नाडी बांधत बसली होती. तिला अजून कळलंच नव्हतं. खुर्ची बाहेर गेली ती त्यानंतर.

काल हे सांगायचं राहिलं होतं. आता हसू येत नाही ना? मलाही येत नाही.

तर या ताईचा राग. लहानपणापासून तसाच, असं माझी बायको सांगते. शाळेत गुरुजींनी एका पोरीला उगाच उन्हात उभं केलं, तर ही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि शाळा सुटली तरी हलेना. शेवटी गुरुजीच म्हणाले, बाई, जा आता घरी, मला भूक लागली आहे. नर्सिंगला गेली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, चार दिवसांत भांडून परत येईल. भांडली, पण परत आली नाही. मी तिच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा नवा जावई म्हणून कपड्यांना कडक इस्त्री करून गेलो होतो. तिने दारातच माझे हात धरले, उलटे केले, पालथे केले आणि म्हणाली, "कोपरापर्यंत धुऊन या. साबण तिथे आहे. मग बसा, जावईबुवा." मी धुऊन आलो. तिने पुन्हा बघितले आणि परत पाठवलं.

तिचा नवरा शिंपी. माणूस इतका शांत की दुकानातल्या मशीनचा आवाज हाच त्याचा आवाज. तिला तो "सरकार" म्हणायचा. कुणी विचारलं, एवढी तोफ घरात कशी सांभाळता, तर म्हणायचा, "घरी ती फक्त दारूगोळा भरायला येते. उडते तिकडेच." त्याने तिला आपली एक कातर दिली होती, कापड कापायची, काळ्या मुठीची, चांगली वीतभर. अपघातात आलेल्या माणसाचे कपडे ओढून काढायचे नसतात, कापायचे असतात, आणि दवाखान्यातल्या कात्र्या बोथट. ताई ती कातर नाडीला बांधून कमरेला लटकवायची. बोळातून कातरीचा खळखळ आवाज आला की वॉर्डबॉय विड्या विझवायचे.

पहारेकरी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेली आणि बसा म्हटलं तरी बसली नाही. तिचं एकच म्हणणं. दारातल्या डॉक्टरने बांधलेली पट्टी त्याच्याशिवाय कुणी बदलायची नाही. फोनवरून नाही, वरून आलेल्याने नाही. अधीक्षक म्हणाले, "आणि मी सांगितलं तर?" ही म्हणाली, "तुम्हीसुद्धा नाही. मीसुद्धा नाही." अधीक्षकांनाही रोजच्या फोनांचा वैताग आलाच होता. त्यांनी होकार दिला.

नियम झाला, पण नुसता तोंडी नियम काय कामाचा! तिने मोठी पाटी करायचं ठरवलं. आणि पाटी रंगवायला बोलावलं कुणाला? माझ्या धाकट्या भावाला.

धाकट्याबद्दल थोडं सांगायला हवं. घरं रंगवायचा, पाट्याही रंगवायचा. अक्षर असं की वाचणारा मजकूर विसरून अक्षरच बघत राही. आणि तोंडात कायम चेष्टा. ताप आला तरी चेष्टा, दात काढला तरी चेष्टा. आमची आई म्हणायची, हा जन्मला तेव्हा रडलाच नव्हता, सुइणीला हसला. त्याने पाटी रंगवली, पांढऱ्यावर लाल: "ज्याने पट्टी बांधली त्यानेच बदलावी. इतर कोणीही हात लावू नये." वर म्हणतो कसा, "ताई, खाली बारीक अक्षरात 'हुकमावरून, तोफ' असं टाकू का?" ती ब्रश घेऊन त्याच्या मागे धावली होती.

पाटी पिवळ्या हॉलमध्ये लागली, अगदी समोर, ट्रॉलीवर पडलेल्यालाही दिसेल अशी. आणि खरं सांगतो, पुष्कळ दिवस तिने चांगलं काम केलं. फोन यायचे, बंगल्यांवरची माणसं यायची, आणि सगळे डॉक्टर नुसतं बोट करायचे पाटीकडे. ताईची स्वतःची मावशी हात मोडून आली, पिवळी बांधली, आणि बाकीच्यांसारखी हॉलमध्ये कण्हत पडली. मावशी म्हणाली, "अगं, तू इथली मोठी ना?" ताई म्हणाली, "इथे मी कुणाची भाची नाही." मावशीने पुढे बरेच दिवस बोलणं टाकलं.

मग धाकटा पडला.

एका शाळेची मागची भिंत रंगवत होता. परांचीची दोरी सरकली आणि वरच्या मजल्याच्या खिडकीपासून खाली आला तो कुंपणाच्या कठड्यावर, कमरेच्या बाजूने, मग जमिनीवर. मी जवळच रंगाच्या दुकानात होतो, निरोप आला तसा धावलो. बघतो तर हा उताणा पडलेला, तोंडावर निळा रंग सांडलेला, आणि भोवतीच्या माणसांना म्हणतोय, "भिंत बघा हो आधी, ओघळ आला असेल." रक्ताचा थेंब नाही. डोकं शाबूत. आम्ही चौघांनी हातपाय धरून उचलला आणि टेम्पोत घातला. तेव्हा मात्र त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, पण लगेच म्हणाला, "काही नाही, कंबर जरा भरली आहे."

दवाखान्याच्या दारात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण होती. हुशार पोरगी, पण सकाळपासून उभी. तिने नाडी बघितली, बीपी घेतलं, ते बरं निघालं. पोट दाबून बघितलं. विचारलं, "कुठे दुखतंय?" हा म्हणाला, "डॉक्टर, दुखायचं काय, शाळेच्या भिंतीवरून पडलो, म्हणजे शाळेतून काढल्यासारखंच आहे." ती हसली. शेजारचे हसले. मीही हसलो. तिने पिवळी बांधली. कुणी कितीही खोदून विचारलं तरी मी म्हणेन, त्या क्षणी मीही पिवळीच बांधली असती. मरायला टेकलेला माणूस असा बोलत नाही, असंच सगळ्यांना वाटतं. तेवढ्यात एक बस उलटल्याचा निरोप आला, एकामागून एक लाल माणसं येऊ लागली, आणि ती डॉक्टरीण एका ट्रॉलीबरोबर धावत ऑपरेशन थिएटरमध्ये गेली.

आम्ही पिवळ्या हॉलमध्ये. समोर पाटी. धाकटा वर बघून म्हणाला, "दादा, रंग टिकलाय बघ."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला ताई दिसली. मी हात केला. तिने बघितलं, नक्की बघितलं, आणि मान फिरवली. मी चालत गेलो. म्हटलं, "ताई, आपला धाकटा..." तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. "रंग कुठला?" मी म्हटलं, "पिवळा." "मग पाळी येईल. जावईबुवा, मागे व्हा. इथे ओळख दाखवू नका." दुसऱ्या नर्सला तिने आमच्याकडे पाठवलं आणि स्वतः लांब राहिली. सगळ्यांना दिसेल असं लांब.

तोवर माझी बायको येऊन पोचली. दोघी बहिणींचं तिथेच जुंपलं.

"ताई, तो माझा दीर आहे! पोरासारखा वाढवलाय मी त्याला!"

"म्हणून काय त्याला आधी घेऊ? त्या पलीकडच्या ट्रॉलीवरच्या बाईला कुणी दीर नाही?"

"तू दगड आहेस, दगड!"

"दगड तर दगड. बाजूला हो, ट्रॉली जाऊ दे."

मला सांगा, कुणावर चिडायचं? ती चुकीचं काय बोलत होती? पण मी चिडलो होतो. असा चिडलो होतो की पाटी उपटून तिच्या पायाशी टाकावी असं वाटत होतं.

धाकट्याने लघवीचं भांडं मागितलं. झाली नाही. पुन्हा मागितलं, पुन्हा नाही. मग म्हणाला, "दादा, इथे पंखा फार जोरात आहे का रे? थंडी वाजते." पंखा बंदच होता. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. त्याच्याही कपाळावर घाम होता, पण हात लावला तर तो गार. मी त्याला हसवायला म्हणून काहीतरी बोललो. त्याने ऐकलं, आणि उत्तर दिलं नाही.

बघा, माझ्या भावाने चेष्टेला उत्तर दिलं नाही असं आयुष्यात कधी झालेलं नव्हतं. मला नाडी कळत नाही, बीपी कळत नाही, पण हे कळलं. मी हॉलभर ऐकू जाईल असा ओरडलो, "ताई!"

ती आली. माझं ऐकून आली की स्वतःच लांबून बघत होती, ते मी कधी विचारलं नाही. येताच तिने मनगट धरलं आणि तिचं तोंड बदललं. कातर काढली आणि रंगाने माखलेली ती पँट कमरेपासून पायापर्यंत चरचर कापली. दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला पसरून पडलेली होती, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता, आणि जांघेपासून मागे काळंनिळं चढत होतं. "याला कुणी आणला? कसा उचलला?" मी सांगितलं. "हातपाय धरून? गोणी आहे का ती?" मग तिने मान वर केली आणि तोफ उडाली.

हॉलमध्ये एक ड्यूटी डॉक्टर होता. ती त्याच्यावर ओरडली, "लाल करा याला. आत्ता!"

तो डॉक्टर आला, बीपी घेतलं, म्हणाला, "कमी झालंय खरं. पण सिस्टर, पट्टी मी नाही बांधली." आणि त्याने बोट केलं. कशाकडे, ते सांगायला नकोच. "तुमचाच नियम आहे. मागच्या महिन्यात मी एकाची पट्टी बदलली तर तुम्ही मला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. आणि हा पेशंट तुमचा नातेवाईक आहे असं सगळा हॉल म्हणतोय."

"जिने बांधली तिला बोलवा!"

"ती थिएटरमध्ये आहे. हात धुऊन उभी आहे. निरोप देतो."

निरोप गेला. उत्तर येईना. लाल खोलीच्या दारात उभा असलेला वॉर्डबॉयांचा मुकादम म्हणाला, पिवळ्या पट्टीची ट्रॉली आत घेता येत नाही, सिस्टर, तुम्हीच सांगितलंय. मग ती मुकादमावर ओरडली. फोनवर थिएटरवाल्यांवर ओरडली. त्या नर्सवर ओरडली, थंडी वाजतेय म्हणाला तेव्हा मला का नाही सांगितलं. माझ्यावर ओरडली, बायकोवर ओरडली, उलटलेल्या बसच्या चालकावर ओरडली, जो तिथे नव्हताच. इतका राग मी तिचा कधी बघितला नव्हता. आणि मला आता कळतं की तो सगळा राग फिरून फिरून त्या पाटीवर जात होता आणि पाटीवरून तिच्यावरच येत होता. प्रत्येक जण तिलाच तिचं वाक्य ऐकवत होता, आणि प्रत्येक जण बरोबर होता. कुणी हलत नव्हतं. ती ओरडत होती आणि माझा भाऊ पांढरा पडत चालला होता.

मग तो बोलला. ओठ हलले म्हणून मी वाकलो, तीही वाकली. तो म्हणाला, "ताई, जरा मोठ्याने बोला ना. ऐकू येत नाहीये."

तोफेला म्हणाला हे. ती ओरडत होती तेव्हा रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात ऐकू गेलं होतं.

ती गप्प झाली. एकदम. त्या हॉलने तिला गप्प झालेली कधी बघितली नसेल, कारण बाकीचे कण्हणारेही गप्प झाले. तिने कातर उचलली, धाकट्याच्या मनगटावरची पिवळी पट्टी कापली आणि खाली टाकली. खिशातून लाल पट्टी काढून बांधली. मग आवाज न चढवता नर्सला म्हणाली, "चादर दे." चादरीची रुंद घडी करून त्याच्या खालून सरकवली. मी आणि वॉर्डबॉयने दोन टोकं धरली. "वर नाही, पोटावर नाही. खाली, खुब्यांवर. ओढा. अजून." आम्ही ओढली, तिने गाठ मारली. गुडघे जवळ आणून एकमेकांना बांधले. आणि ती ट्रॉली, जिचं एक चाक कायम भिंतीकडे जायचं, ती तिने स्वतः ढकलली. लाल खोलीच्या दारात मुकादम होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बाजूला झाला.

आत हाडांचे मोठे डॉक्टर होते, बसमधल्या माणसांत गुंतलेले. त्यांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "चादर कुणी बांधली?" ती म्हणाली, "मी." ते म्हणाले, "कुणीही सोडू नका. रक्त मागवा. पिशव्या मोजत बसू नका, आहे तेवढं आणा."

नंतर त्याच डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. कमरेची हाडं म्हणजे एक कडं असतं. ते फुटून उघडलं की आतल्या शिरा फाटतात, आणि उघडल्या कड्यात रक्त मावायला भरपूर जागा होते. बाहेर काही दिसत नाही. अंगाने दणकट माणूस असला तर शरीर बराच वेळ सांभाळून घेतं, बीपी चांगलं दिसतं, माणूस बोलतो, हसतो सुद्धा. आणि मग एकदम कोसळतो. चादरीने ते कडं आवळलं जातं, आत साठणाऱ्या रक्ताला अटकाव होतो. मी विचारलं, "अजून थोडा वेळ तिथेच राहिला असता तर?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तो आता वाचला आहे, तेवढं बघा."

वाचला. कमरेत बाहेरून सळया घालून कडं धरून ठेवलं होतं, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखं. लघवीची नळी बरेच दिवस होती. पाय कायमचा थोडा आखूड राहिला, परांची संपली. आता बसून पाट्या रंगवतो आणि लंगडत चालतो. पण ते पुढचं.

ताई त्याला बघायला वॉर्डात सुरुवातीला आलीच नाही. आली ती एका दुपारी, कातर खळखळवत. आम्हाला वाटलं, आता रडेल किंवा माफी मागेल. ती कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "ओरड."

धाकटा म्हणाला, "काय?"

"ओरडून दाखव. दुखतंय ना? मग ओरड. मेल्या, आत रक्ताचं डबकं साठत होतं आणि तू डॉक्टरला शाळेचे विनोद सांगत होतास! ओरड म्हणते ना!"

"ताई, वॉर्डात माणसं झोपली आहेत."

"झोपू देत. ओरड."

त्याने बारीकसा आवाज काढला, "आई गं."

"हे काय? मांजर आहेस का? मोठ्याने!"

शेवटी तो ओरडला आणि सगळा वॉर्ड उठून बसला. तेव्हा ती म्हणाली, "हां. लक्षात ठेव," आणि वळली. दारापर्यंत गेल्यावर तिने पदराने तोंड पुसलं ते मी बघितलं, पण बायकोला सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर दोघींचं पुन्हा भांडण झालं असतं, आधी कोण रडली यावरून.

आता चौकशी. हो, चौकशी लागली. त्या दिवशी हॉलमध्ये नडगी मोडलेला एक माणूस पाळीची वाट बघत होता, त्याने तक्रार केली. सिस्टरने आपल्या नातेवाईकाची पट्टी बदलून त्याला आधी आत नेलं. खरं सांगू, त्याच्या जागी मी असतो तर मीही केली असती. त्याला काय दिसलं? दोन बहिणी भांडल्या आणि पिवळ्याचा लाल झाला.

अधीक्षकांनी मलाही बोलावलं, नातेवाईक म्हणून. टेबलापलीकडे अधीक्षक, बाजूला तो ड्यूटी डॉक्टर आणि ती दारातली डॉक्टरीण. पोरीचे डोळे सुजलेले होते. ताईला बसा म्हटलं, ती बसली नाही. सुरुवात तिनेच केली.

"आधी या पोरीला काही बोलायचं नाही. तिने बघितलं तेव्हा तो पिवळाच होता. नंतर लाल झाला. माणसं बदलतात, साहेब. पट्टी बदलता येत नव्हती, ती माझ्यामुळे."

अधीक्षक म्हणाले, "सिस्टर, तुमचा हेतू चांगलाच होता..."

"हेतूचं सोडा. मला एक सांगा. ती पाटी लागल्यापासून पिवळ्या पट्टीवर वाट बघत किती माणसं गेली? माझा हा वाचला, कारण तो माझ्या बहिणीचा दीर होता आणि मी लांबून का होईना त्याच्याकडे बघत होते. ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं त्यांचं काय झालं? बघितलंय कुणी?"

कुणी बघितलं नव्हतं. अधीक्षक पंख्याकडे बघू लागले. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता ही टेबल उलटवते. पण तिने काही उलटवलं नाही. म्हणाली, "पाटी मी आजच काढली आहे. हॉलमधल्या प्रत्येक पिवळ्याला पुन्हा पुन्हा बघायचं, आणि जो कुणी बघेल त्याला पट्टी चढवायची, म्हणजे पिवळीची लाल करायची मुभा. उतरवायला मात्र डॉक्टर हवा. चढवायला कुणीही चालेल. हे मान्य असेल तर मी कामावर जाते. माझ्या हॉलमध्ये माणसं पडली आहेत."

अधीक्षकांनी मान हलवली. पण त्यांनाही वर काहीतरी कळवायचं होतं, तक्रारीला उत्तर द्यायचं होतं. ते जरा आवाज चढवून म्हणाले, "ते ठीक आहे. पण सिस्टर, शेवटी तुम्ही स्वतः केलेला नियम स्वतःच्याच माणसासाठी मोडला. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. पुन्हा असा प्रसंग आला, तर तुम्ही काय कराल?"

ताईने कमरेची कातर एकदा हाताने सावरली, आणि जे म्हणाली ते जसंच्या तसं सांगतो:

"या वेळी मी आधी ओरडत बसले आणि मग कापली. तेवढ्यात माणूस जात होता. पुढच्या वेळी आधी कापेन, मग ओरडेन. आणि ओरडायची सुरुवात तुमच्यापासून करेन."